आधी कापूस, मग तेल

गोंदिया जिल्ह्यातल्या समस्त मायबहिणींना, काकाजी-मामाजींना आणि तरण्या पोरांना कळकळीची विनंती.

उद्या सकाळी कोवळ्या उन्हात बसाल, तेव्हा घरातल्या प्रत्येकाचं अंग एकदा नीट बघा. पाठ, दंड, मांड्या, पोटऱ्या, चेहरा, कानाच्या पाळ्या, सगळं. जिथे कातडी कोरडी, फिकट किंवा लालसर दिसेल, तिथे कापसाच्या वातीचं टोक हलकेच टेकवा. ज्याला तपासताय त्याने डोळे मिटायचे आणि जिथे लागलं तिथे बोट ठेवायचं. बोट बरोबर पडलं, तर तेलाची वाटी खुशाल पुढे ओढा. पडलं नाही, तर वाटी झाकून ठेवा आणि त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्र गाठा.

खरं तर सांगायचं ते एवढंच आहे. पण एवढंच सांगितलं की लोक मान डोलावतात आणि जुन्याच डब्यातलं तेल चोळत बसतात, म्हणून पुढचं लिहिते.

आपल्याकडची थंडी वेगळी सांगायला नको. विदर्भात सगळ्यात कमी पारा कुठे, हे सांगताना हिवाळ्यात पुन्हा पुन्हा गोंदियाचं नाव येतं. आठ-नऊ अंशांची पहाट, कोरडा वारा, त्यात धानाचे पुंजणे, चुरणीची धूळ, अंगात टोचणारी कुसं. कापणी आटोपते न आटोपते तोच उन्हाळी धानाची रोवणी. म्हणजे थंड चिखलात पाय आणि वर कोरडी हवा. राईस मिलमध्ये कोंड्यात उभी राहणारी बाई असो की दिवसभर तंबाखू-तेंदूपानाशी खेळणारी विडीवाली, बोटांची टोकं उललेलीच असतात. त्यामुळे कोणाच्या पोटरीवर किंवा दंडावर पांढुरका, रखरखीत डाग दिसला आणि विचारलं, तर उत्तर ठरलेलं: ‘काई नाई जी, थंडीनं उललं आहे.’

दहातल्या नऊ वेळा ते खरंही असतं. राहिलेल्या एका वेळेसाठी हे आवाहन आहे.

आधी त्या नऊ जणांचं बोलू, कारण त्यांचं घरच्या घरी खरंच भागतं. आपली कातडी वरून किंचित आंबट गुणाची असते आणि तिच्या पेशींमध्ये चरबीचा पातळ लेप असतो. आतलं पाणी बाहेर जाऊ न देणं हे त्या लेपाचं काम. साबण क्षारयुक्त, कढत पाणी चरबी धुऊन नेणारं. थंडीत आपण नेमकं काय करतो? चुलीवरचा गंज उकळेपर्यंत तापवतो, अंग लाल होईस्तोवर पाणी ओततो, साबण घासतो, आणि मग शेकोटीपाशी जाऊन उरलंसुरलं पाणीही वाळवतो. दुपारपर्यंत अंग तडतडायला लागतं, रात्री खाज सुटते, खाजवून ओरखडे पडतात. मग दोष थंडीला.

कोमट पाणी, पाच-सात मिनिटांची आंघोळ, साबण फक्त काखेत, जांघेत आणि पायांना. अंग टिपायचं, घासायचं नाही. आणि कातडी ओलसर असतानाच, दोन-तीन मिनिटांच्या आत, तेल लावायचं. हे शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं आणि नेमकं हेच बहुतेक जण उलटं करतात. तेल कातडीला पाणी देत नाही, असलेलं पाणी कोंडून ठेवतं. सुक्या अंगावर तासाभराने तेल चोपडलं तर कोंडणार काय?

तेल कोणतं? खोबरेल उत्तम, बारक्या लेकरांनाही चालतं. आपल्याकडे मोहाच्या बियांचं तेल आहे. कोणी टोरीचं म्हणतं, कोणी टोळीचं. हिवाळ्यात ते तुपासारखं थिजतं, आणि म्हणूनच टाचांवर टिकून बसतं. जंगलपट्टीतल्या आजीबाया पिढ्यान्‌पिढ्या ते पायांना लावत आल्या. देवरी-सालेकसाकडे अजूनही घाण्यातून काढून आणलेली बाटली कुडाला टांगलेली दिसते. मला स्वतःला तो वास आवडत नाही, पण टाच मऊ झाल्यावर वासाचं काही वाटत नाही. टाचांच्या भेगा खोल असतील तर चार भाग तेलात एक भाग मधमाशीचं मेण मंद आचेवर विरघळवा, थिजू द्या, रात्री पाय दहा मिनिटं कोमट पाण्यात ठेवून भेगांत भरा, वरून सुती मोजे. आठवडाभर नेमाने करा, दोन दिवस करून नावं ठेवू नका. कोणाकडे पेट्रोलियम जेलीची डबी असेल तर तीही चालते, नैसर्गिक नाही म्हणून लाजायचं कारण नाही.

आणि धानाच्या जिल्ह्यात राहून एक गोष्ट आपण रोज नाल्यात ओततो: भाताची पेज. मीठ न घातलेली, त्याच दिवशीची पातळ पेज कोमट पाण्यात मिसळून शेवटचा तांब्या अंगावर घेतला, की खाजणाऱ्या कातडीला आराम पडतो. शिळी मात्र नको. कोरफड लावायची तर पात कापल्यावर निथळणारा पिवळा चीक आधी धुऊन टाका, खाज वाढवतो तो तोच. मोहरीचं तेल तान्ह्या बाळाच्या नाजूक अंगाला टोचतं, तिथे खोबरेलच बरं. काहीही नवीन लावण्याआधी कोपराच्या आतल्या बाजूला थेंबभर लावून एक दिवस वाट बघा.

लिंबू, खाण्याचा सोडा, टूथपेस्ट, चुना, राख हे फुटलेल्या कातडीवर लावू नका. का, ते लावलेल्याला विचारा.

बिब्ब्याबद्दल मात्र थांबून बोलावं लागेल. आपल्या जंगलात तो मुबलक आहे, गोडंबी आपण आवडीने खातो, धोबी कपड्यांवर त्याच्याच रसाची खूण करत. सुईला टोचून दिव्यावर धरायचा आणि निथळणारं तेल टाचेच्या भेगेत सोडायचं, हा उपाय माझ्या आजीनेही केला. तिच्या राठ टाचेला तो सोसला. माझ्या पोरवयाच्या घोट्याला त्याचा एक ओघळ लागला, तर दुसऱ्या दिवशी लिंबाएवढे फोड, पंधरा दिवस चप्पल नाही. डाग पुढे दोन हिवाळे राहिला. त्या रसात कातडी जाळणारं, ॲलर्जी उठवणारं द्रव्य असतं, आणि एकदा अंगाने वैर धरलं की पुढच्या वेळी थेंबही पुरतो. चांगल्या कामात कोणी ‘बिब्बा घातला’ असं आपण उगाच म्हणत नाही. जंगलातून आलेली प्रत्येक वस्तू सौम्य असते, हा समज सोडा.

दुसरी चूक जंगलातली नाही, बाजारातली आहे. खाज आली की दुकानातून ट्यूब. वरून लिहिलेलं असतं खाज-खुजली-गजकर्ण, आत असतं स्टिरॉइड. दोन दिवसांत आराम पडतो, म्हणून विश्वास बसतो. मग कातडी पातळ होते, गजकर्ण आतल्या आत पसरतं, आणि डाग असा रूप बदलतो की डॉक्टरलाही ओळखू येईना. केंद्र सरकारने २०१८ मध्ये अशी चौदा स्टिरॉइड औषधं डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकता येणार नाहीत असं ठरवलं. मेडिकल चालवणाऱ्या भावांनो, गिऱ्हाईक ओळखीचं आहे म्हणून ट्यूब पुढे सरकवू नका. त्याला आधी विचारा, तिथे लागतंय का?

आता त्या एका माणसाचं. त्याचा डाग खाजत नाही, दुखत नाही. तिथे घाम येत नाही म्हणून तो कोरडा; केस विरळ झालेले; कापूस टेकवला तर कळत नाही. हा कुष्ठरोग असू शकतो. शब्द लिहिला की वाचणारा पान उलटतो, हे ठाऊक असूनही लिहिते. महाराष्ट्रात हा आजार ज्या पट्ट्यात जास्त सापडतो, त्यात चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा आणि गोंदिया ही नावं वर्षानुवर्षं आहेत, आणि शेजारच्या छत्तीसगडातही त्याचा भार मोठा आहे. डिसेंबर २००५ मध्ये देशात दहा हजारांमागे एकाहून कमी रुग्ण राहिले. तेव्हा ‘कुष्ठरोग संपला’ असं आपण ऐकलं, खरं तर तो कमी झाला होता. जंतू अंगात शिरल्यापासून डाग दिसेपर्यंत सरासरी पाच वर्षं जातात, कधी वीससुद्धा. म्हणजे आज दिसणारा डाग कालच्या थंडीचा नाही.

सगळेच कुष्ठरोगी डाग घेऊन येत नाहीत. काहींची कातडी उलट तेलकट, चकचकीत, जाड होते, कानाच्या पाळ्या गाठाळतात, हातापायांना मुंग्या येतात. आणि लेकराच्या गालावरचा प्रत्येक फिकट डाग कुष्ठरोगाचा नसतो; बहुतेक वेळा तो साधाच असतो. म्हणून तर तपासायचं. जे रात्री जास्त खाजतं, बोटांच्या बेचक्यांत असतं आणि घरातल्या सगळ्यांना होतं, ती खरूज; तिलाही तेलाने काही होत नाही, सगळ्या घराने एकाच वेळी औषध लावावं लागतं.

कुष्ठरोगावर तेल लावणं हा केवळ आपला खुळेपणा होता असं कोणी समजू नये. कडू कवठ आणि चालमोगरा यांच्या बियांचं तेल जगभरचे डॉक्टर या रोगावर वापरत, पाजत, टोचत. १९१५-१६ च्या सुमारास हवाई बेटांवर ॲलिस बॉल या तरुण रसायनशास्त्रज्ञ बाईने त्याचं टोचण्याजोगं रूप तयार केलं. त्याने काहींना आराम पडला, रोग मुळातून गेला नाही. १९४० च्या दशकात सल्फोन औषधं आली आणि १९८२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने बहुविध औषधोपचार सुचवला, तेव्हा तेलाची बाटली मागे पडली. आज तेच उपचार सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात: डाग थोडे असतील तर सहा महिने, जास्त असतील तर वर्षभर. औषध सुरू झालं की थोड्याच दिवसांत तो माणूस दुसऱ्याला रोग देत नाही. घरात राहतो, ताटात जेवतो, लग्नकार्याला जातो. घटस्फोटासाठी कुष्ठरोग हे कारण कायद्याने २०१९ मध्येच काढून टाकलं आहे.

आणि इथेच आपलं तेल पुन्हा कामाला येतं. या उपचारातल्या गोळ्यांपैकी एक, क्लोफाझिमीन, कातडी काळवंडवते आणि भयंकर कोरडी करते. माणूस आरशात बघतो, शेजारी विचारतात, ‘अंग का काळं पडलं?’, आणि तो पाकीट बंद करतो. गोळी थांबवू नका. काळेपणा औषध संपल्यावर हळूहळू उतरतो. कोरडेपणाला आंघोळीनंतरचं खोबरेल किंवा टोरीचं तेल पुरतं. घरात कोणी या गोळ्या घेत असेल तर सकाळी त्याच्या पाठीला तेल लावून देणारा हात तुमचा असू द्या. पण जुने डाग एकाएकी लाल होऊन सुजले किंवा कोपराजवळची नस दुखू लागली, तर तेल-बिल नाही, तडक दवाखाना.

ज्यांच्या पावलांची संवेदना आधीच गेली आहे, कुष्ठरोगाने असो की साखरेच्या आजाराने, त्यांनी रोज पंधरा-वीस मिनिटं पाय साध्या पाण्यात ठेवावेत. गरम पाणी नको. कढत आहे हे पायाला कळणारच नाही. कडक झालेली कातडी खरखरीत दगडाने हलके घासावी, ओल्या पायावर तेल लावावं, बोटांच्या फटी मात्र कोरड्या ठेवाव्यात, आणि तळवा रोज आरशात किंवा नातवाला दाखवून बघावा. आमच्या ओळखीतले एक काकाजी शेकोटीपाशी झोपले, आणि पाय भाजला हे त्यांना वासावरून कळलं. कोरड्या भेगांना चार वर्षं ते तेलच लावत होते.

३० जानेवारीपासून पंधरवडाभर कुष्ठरोगाची ‘स्पर्श’ मोहीम असते. रुग्ण शोधायची मोहीम निघते, तेव्हा आशाताई घरी येतात. त्या आल्या की शाल घट्ट ओढून ‘आमच्या घरी कोणी नाही’ असं म्हणू नका. सुनेला सासूसमोर डाग दाखवायला संकोच वाटत असेल, तर सासूबाई, तुम्ही दहा मिनिटं अंगणात जा. गुरुजी आणि मॅडम, खेळाच्या तासाला पोरांचे हात-पाय नजरेखालून घाला, पण डाग दिसलेल्या लेकराला वर्गासमोर उभं करू नका. आईबापाला एकटं गाठून सांगा. न्हावी भाऊ, माणसाची मान आणि कान तुमच्याइतकं जवळून कोण बघतं? सरपंचांनो, ग्रामसभेत रस्ते-नाल्यांचं बोलून झालं की पाच मिनिटं यासाठी द्या.

गोंदियात २०१६ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, पण तिथवर जायची घाई नको. पहिली तपासणी गावाजवळच्या आरोग्य केंद्रात होते. पैसे लागत नाहीत. घरात एकाला निघाला तर बाकीच्यांनाही तपासतात आणि गरजेनुसार प्रतिबंधाची एक मात्रा देतात. तीही घ्या, ‘आम्हाला काही झालं नाही’ म्हणून परत येऊ नका. जाताना लावत असलेली ट्यूब, तेलाची बाटली, झाडपाल्याची पुडी, जे असेल ते पिशवीत घालून सोबत न्या आणि त्या दिवशी डागावर काही लावू नका. डॉक्टर रागावतील या भीतीने पुडी लपवू नका. डाग कधीपासून आहे हे आठवत नसेल तर आठवून बघा: रोवणीच्या वेळी होता का, मंडईच्या वेळी होता का. एवढं सांगता आलं तरी पुरे.