मूळव्याधीच्या नावाखाली

कोणत्याही तालुक्याच्या एस.टी. स्थानकाबाहेरची भिंत पाहावी. ‘मूळव्याध, भगंदर, फिशर : विनाशस्त्रक्रिया खात्रीशीर इलाज’ ही पाटी तेथे हटकून असते. शौचातून रक्त जाणारा पस्तिशीतला हमाल, वाहनचालक किंवा कारकून प्रथम जातो तो या पाटीखाली. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. सरकारी दवाखान्यात गेला तरी पुष्कळदा मलमाची नळी आणि ‘तिखट खाऊ नका’ हा उपदेश याहून अधिक काही त्याच्या पदरात पडत नाही. अशा रक्तस्रावाचे कारण बहुतेक वेळा मूळव्याधच असते, हे खरे. परंतु कधी कधी तो मोठ्या आतड्याचा वा गुदाशयाचा कर्करोग असतो, आणि ते उमगेपर्यंत महिनेच्या महिने गेलेले असतात.

हा म्हातारपणाचा रोग आहे, ही समजूत आता टिकणारी नाही. अमेरिकेत २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने दाखवून दिले की, १९५० च्या सुमारास जन्मलेल्यांच्या तुलनेत १९९० च्या सुमारास जन्मलेल्यांना मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका दुप्पट आणि गुदाशयाच्या कर्करोगाचा चौपट आहे. चॅडविक बोझमन हा अभिनेता २०२० साली या रोगाने गेला तेव्हा तो अवघा ४३ वर्षांचा होता. २०२१ मध्ये तेथील तज्ज्ञमंडळाने सरसकट तपासणीचे वय ५० वरून ४५ वर आणले.

मग आपणही ४५ चा नियम उचलावा काय? आमचे उत्तर स्पष्ट नकाराचे आहे. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयातील रुग्णांचा जो आढावा २०१७ साली प्रसिद्ध झाला, त्यात या रोगाच्या रुग्णांचे सरासरी वय ४७ च्या आसपास होते. आपली लोकसंख्याच तरुण आहे हे त्याचे एक कारण असेल. पण म्हणूनच ४५ ची रेघ आखली तर कितीतरी रुग्ण तिच्या अलीकडे राहतील. शिवाय लोकसंख्येच्या मानाने हा रोग आपल्याकडे अमेरिकेपेक्षा पुष्कळ कमी आहे. सर्वांच्या सरसकट दुर्बीण-तपासणीचा आग्रह धरला, तर लाभ होईल तो ‘हेल्थ पॅकेज’ विकणाऱ्यांचा.

‘जीवनशैली बदला’ हा उपदेश तर अधिकच सोयीचा. लठ्ठपणा, बैठे काम, दारू, तंबाखू, चोथा नसलेले अन्न यांनी धोका वाढतो, याविषयी वाद नाही. परंतु बारा तास खुर्चीवर बसणाऱ्या पहारेकऱ्याने आपली जीवनशैली निवडली कधी? आणि आई, वडील वा भावंडाला हा रोग झालेला असल्यास वाढणारा धोका कोणत्या व्यायामाने टळणार? अशा माणसाची तपासणी चाळिशीत, किंवा नातेवाइकाला रोग झाला त्या वयाच्या दहा वर्षे आधी सुरू व्हावी, असे वैद्यकशास्त्र सांगते. हे त्याला सांगण्याची जबाबदारी आपल्या व्यवस्थेत कोणावर आहे?

करायचे ते फारसे खर्चिक नाही. शौचातून रक्त जाणाऱ्या प्रत्येक रुग्णाची बोटाने गुदतपासणी झालीच पाहिजे. त्याला एक हातमोजा आणि दोन मिनिटे लागतात. रक्त थांबत नसेल, शौचाची सवय बदलली असेल, वजन घटत असेल किंवा कारणावाचून रक्तक्षय झाला असेल, तर वय न विचारता दुर्बिणीची तपासणी विनामूल्य व्हावी. (स्त्रियांच्या रक्तक्षयाला लोहाच्या गोळ्या देऊन फाइल बंद करण्याची आपली रीत जुनीच आहे.) २०१६ च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांत तिशीपुढील सर्वांसाठी तोंड, स्तन व गर्भाशयमुख यांच्या तपासणीची तरतूद झाली, त्या वेळी घरोघरी भरल्या जाणाऱ्या माहितीत कुटुंबातील आतड्याच्या कर्करोगाविषयीचा एक प्रश्न वाढवणे अशक्य नाही. २०१८ ची आयुष्मान भारत योजना रुग्णाला ओळखते ती तो खाटेवर पडल्यानंतर. त्याआधीच्या तपासण्यांसाठी त्याने कर्ज काढावयाचे.

आपल्या कार्यकर्त्यांनी जिल्हा शल्यचिकित्सकांना लेखी विचारावे : मोठे आतडे दुर्बिणीने तपासण्याची सोय या जिल्ह्यातील कोणत्या सरकारी रुग्णालयात आहे, आणि तेथे नंबर लागण्यास किती आठवडे लागतात?