‘क्रॅश’ म्हणजे काय रे भाऊ?

सोमवारी दुपारी रूममेटचा फोन आला. ‘अगं, मी म्हणे सर्व्हर हॅक केला.’ मी आधी हसलेच. ती कॉम्प्युटर सायन्सच्या शेवटच्या वर्षाला आहे हे खरं, पण हॅकिंग सोडा, स्वतःच्या इन्स्टाचा पासवर्डही ती दर महिन्याला विसरते.

झालं होतं असं. त्यांच्या लॅबच्या लिनक्स सर्व्हरवर सगळ्यांची प्रॅक्टिकलची सबमिशन्स असतात. सोमवारी सकाळी ९.४० वाजता सर्व्हर सुरू केला, तर बऱ्याच फाइल्स शून्य बाइटच्या. नाव जागेवर, आत काहीच नाही. मग कुणीतरी ‘लास्ट’ ही कमांड चालवली. कोण कधी आत आलं, कधी बाहेर गेलं हे ती दाखवते. सर्व्हरचं हजेरीपुस्तकच म्हणा ना. त्यात माझ्या रूममेटच्या नावापुढे होतं: शुक्रवार १७:१०, मग ‘क्रॅश’, आणि कंसात २+१६:३०. म्हणजे दोन दिवस साडेसोळा तास. त्याचा अर्थ असा लावला गेला की ही मुलगी शुक्रवार संध्याकाळपासून सोमवार सकाळपर्यंत सर्व्हरवर बसून होती आणि शेवटी तो क्रॅश करून गेली. प्रिंटआउट निघाली, तिच्या नावाखाली लाल रेघ आली, आणि दुपारी नोटीस बोर्डावर. शनिवार-रविवार ती साताऱ्याला घरी होती. एसटीचं तिकीट दाखवलं, तर उत्तर आलं, ‘घरून पण लॉगिन करता येतं.’

खरं सांगते, त्या प्रिंटआउटचा फोटो बघितल्यावर क्षणभर मलाही वाटलं, हिने काही उद्योग तर केले नसतील? मी पत्रकारिता शिकतेय. ‘एका सोर्सवर विसंबू नका’ हे वाक्य तीन वर्षं वहीत लिहितेय. पण मशीनमधून निघालेला कागद दिसला की वही विसरायला होते.

कोडं सोडवलं एका सिनिअर दादाने. तो एका कंपनीत असेच सर्व्हर सांभाळतो. फोनवर त्याचा पहिला प्रश्न होता, ‘शुक्रवारी लाइट गेली होती का?’

गेली होती. साडेपाचला पाऊस आला, लाइट गेली, सगळे लॅबमधून बाहेर पडले. यूपीएसची बॅटरी म्हातारी, तिनेही थोड्या वेळात मान टाकली. आता गंमत बघा. लॉगिन केलं की ‘डब्ल्यूटीएमपी’ नावाच्या फाइलमध्ये एक नोंद पडते, लॉगआउटला दुसरी. मशीनच धाडकन बंद पडलं तर ही दुसरी नोंद लिहिणार कोण? पुढच्या वेळी सर्व्हर सुरू होतो, तेव्हा ‘रीबूट’ची नोंद पडते. ‘लास्ट’ला दिसतं की हिचं लॉगिन उघडंच आहे आणि नंतर थेट रीबूट आहे. मग ती स्वतःच ‘क्रॅश’ लिहून वजाबाकी करते. म्हणजे २+१६:३० हा रूममेट सर्व्हरवर बसल्याचा वेळ नव्हता. तिचं लॉगिन आणि सोमवारी कुणीतरी दाबलेलं बटण, यांच्यामधला तो वेळ होता. त्यातला बहुतेक काळ सर्व्हर बंदच होता! रिकाम्या फाइल्सही त्या लाइटचीच कृपा. डेटा मेमरीत होता, डिस्कवर पोचायच्या आत वीज गेली.

आणि हे सगळं त्या कागदावर होतं. रीबूट ९.४० ची ओळ वरच छापलेली. आणखी चार जणांच्या नावापुढेही ‘क्रॅश’च होतं. पण लाल रेघ पडली ती, जिचं आधीच्या महिन्यात हजेरीवरून सरांशी वाजलं होतं तिच्याच नावाखाली. हा दोष सर्व्हरचा नाही.

मधला सीन तर कहर होता. लॅबमधल्या काकांनी ‘आणखी पुरावा’ शोधायला ती लॉग फाइल थेट ‘कॅट’ कमांडने उघडली. ती बायनरी फाइल, साधा मजकूर नव्हेच. त्यातला एखादा बाइट टर्मिनलला हुकमासारखा लागू पडतो आणि अक्षरांच्या जागी चौकटी, रेघा, चिन्हं दिसायला लागतात. पुढे टाइप केलेलंही तसंच उमटतं. झालं, ‘व्हायरस टाकलाय’ अशी बातमी कॉरिडॉरभर. अशा वेळी न दिसताही ‘रीसेट’ टाइप करून एंटर मारायचं, स्क्रीन ताळ्यावर येते. एंटर चालत नसेल तर कंट्रोल आणि जे. दहा सेकंदांचं काम.

कधीकधी ती फाइलसुद्धा खरोखर बिघडते. लिनक्सच्या नेहमीच्या ६४-बिट मशीनवर प्रत्येक नोंद बरोबर ३८४ बाइटची असते, एकाला एक चिकटून. कुणी टेक्स्ट एडिटरमध्ये उघडून ‘सेव्ह’ केलं आणि चार बाइट इकडेतिकडे झाले, की नोंदी सरकतात. एकाचं नाव दुसऱ्याच्या रकान्यात. एखादी तारीख १ जानेवारी १९७०, पहाटे ५.३० दिसली तर समजा, तिथे वेळेचा आकडा शून्य आहे. भूत नाही, भारतीय प्रमाणवेळ आहे. अशा फाइलला हात लावण्याआधी कॉपी काढायची, ‘यूटीएमपीडम्प’ने ती वाचता येईल अशी करायची आणि ‘ऑथ लॉग’शी ताडून बघायची. लिनक्सच्या मॅन्युअलमध्येही स्पष्ट म्हटलंय की बरेच प्रोग्राम या नोंदींवर मूर्खासारखे विसंबतात. प्रोग्रामच कशाला!

कुणाला वाटेल, एका नोटिशीवरून एवढा गळा काढायची काय गरज? ब्रिटनच्या पोस्टात ‘होरायझन’ सॉफ्टवेअरने हिशेबात चुकीची तूट दाखवली आणि ९०० हून जास्त लोक दोषी ठरले, काही तुरुंगात गेले. कॉम्प्युटर सांगतोय म्हणजे खरंच, एवढ्या भरवशावर. ती सरसकट रद्द करायला २०२४ मध्ये संसदेला कायदा करावा लागला. आपल्याकडे भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ नुसार इलेक्ट्रॉनिक नोंद कोर्टात मांडायची तर सोबत प्रमाणपत्र लागतं. कॉलेजमध्ये मात्र लाल पेन पुरतं. माझं म्हणणं इतकंच आहे की विद्यार्थ्याला केबिनमध्ये उभं करण्याआधी त्या लॉगची उलटतपासणी व्हावी, आणि कागद मुलांना पूर्ण दाखवावा, रेघ मारलेली एकच ओळ नाही.

दादाचं स्पष्टीकरण सरांनी ऐकून घेतलं. ‘ठीक आहे’ म्हणाले. यूपीएसला नवीन बॅटरी आली. सबमिशनची तारीख आठवड्याने वाढली. नोटीस मात्र हे लिहीपर्यंत बोर्डावरच आहे, रूममेटच्या नाव आणि रोल नंबरसकट. तिच्या एका कोपऱ्यावर आता फेस्टचं पोस्टर टोचलंय.