पाच इयत्ता, दोन शिक्षक

बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा २००९ चा कायदा १ एप्रिल २०१० पासून अंमलात आला. शिक्षकागणिक एक वर्गखोली, मुलामुलींस स्वतंत्र स्वच्छतागृहे, पिण्याचे पाणी, क्रीडांगण, ग्रंथालय हे सारे त्याच्या अनुसूचीत नमूद आहे, आणि ते योग्यच आहे. परंतु त्याच अनुसूचीत ६० विद्यार्थ्यांपर्यंत दोनच शिक्षक पुरेसे मानले आहेत, याकडे आम्ही वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो. पहिली ते पाचवीच्या शाळेत याचा अर्थ असा की, एका शिक्षकास एकाच वेळी तीन इयत्ता सांभाळाव्या लागतात. स्वतंत्र मुख्याध्यापक मिळावयाचा तो पटसंख्या १५० च्या वर गेल्यावर. तोवर पोषण आहाराचे हिशेब व दफ्तरही त्या दोघांच्याच माथी. जनगणना व निवडणूक यांची कामे शिक्षकांकडे सोपविण्यास कायद्याची मुभा आहे. दोघांपैकी एक तिकडे गेला की शाळा एकशिक्षकी झालीच! शहरातील पालक आपल्या मुलासाठी विषयवार शिक्षक मागतात. मग खेड्यातील शाळेस निदान तिसरा शिक्षक द्यावा, ही मागणी अवास्तव कशी ठरते? शासनाने खोल्यांबरोबर माणसेही मोजावीत, असे आमचे स्पष्ट मत आहे.