अंतराळातला अणुस्फोट आणि सांगलीचा महापूर: संबंध काय?

कोयनेतून विसर्ग वाढला की साताऱ्यातल्या पाटणपासून सांगलीच्या आयर्विन पुलापर्यंत सगळ्यांचं लक्ष पाण्याच्या पातळीकडे लागतं. ढगाळ दिवसांत किंवा रात्री पाणी कुठवर पसरलं, हे वरून पाहायचं तर रडार असलेला उपग्रह लागतो. इस्रोने २०२२ मध्ये सोडलेला 'ईओएस-०४' असाच एक. तो सुमारे ५३० किलोमीटर उंचीवरून फिरतो आणि पुराचे नकाशे हा त्याचा एक उपयोग आहे.

या उंचीवरच्या उपग्रहांचं अणुस्फोटाने काय होतं, हे जगाने एकदा पाहिलं आहे.

१९६२ मध्ये काय घडलं?

९ जुलै १९६२ रोजी अमेरिकेने पॅसिफिक महासागरावर ४०० किलोमीटर उंचीवर १.४ मेगाटनचा बॉम्ब फोडला. चाचणीचं नाव होतं 'स्टारफिश प्राइम'. स्फोटातले वेगवान इलेक्ट्रॉन पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रात अडकले. सोलर पॅनल आणि ट्रान्झिस्टर खराब करणारा पट्टाच तयार झाला. दुसऱ्या दिवशी सुटलेला अमेरिकेचाच 'टेलस्टार' काही महिन्यांत बंद पडला. मित्रदेश ब्रिटनच्या पहिल्या उपग्रहालाही, 'एरियल-१'लाही, फटका बसला.

लष्करी उपग्रह कशासाठी?

असे स्फोट मोजण्यासाठी अमेरिकी लष्कराने १९५८ मध्येच 'एक्सप्लोरर-४' पाठवला होता. स्टारफिशनंतर, ऑक्टोबर १९६२ मध्ये, अमेरिकी हवाई दलाने 'स्टाराड' सोडला. स्फोट क्षणाचा असला, तरी किरणोत्सर्ग वर्षानुवर्षं टिकतो, हे या काळातल्या मोजमापांतून स्पष्ट झालं. १९६३ च्या कराराने अंतराळातल्या अणुचाचण्यांवर बंदी आणली, तर १९६७ च्या कराराने कक्षेत अण्वस्त्रं ठेवायला मनाई केली.

मग आज चर्चा का?

रशिया उपग्रहविरोधी अण्वस्त्र विकसित करत असल्याचा आरोप अमेरिकेने २०२४ मध्ये केला. रशियाने तो फेटाळला. कक्षेत अण्वस्त्रं न ठेवण्याचं आवाहन करणारा ठराव २४ एप्रिल २०२४ रोजी सुरक्षा परिषदेत आला. १३ देश बाजूने होते, चीन तटस्थ राहिला आणि रशियाने नकाराधिकार वापरला.

सातारा-सांगलीला फरक काय?

किरणोत्सर्ग उपग्रहावरचा झेंडा पाहत नाही. भांडण कुणाचंही असो, खालच्या कक्षेतले सगळेच उपग्रह धोक्यात येतात. पुराचे नकाशे काढणारा भारताचा उपग्रहही त्याच कक्षेत आहे.