घरचा हिशेब : ट्रकच्या पावत्यांचा डबा

मिरजेच्या एका भगिनीनं विचारलं आहे : “आमचे हे स्वतःचाच ट्रक चालवतात. महिन्यातले वीस-बावीस दिवस बाहेरच असतात. डिझेल, टोल, हमाली, पंक्चर, क्लीनरचा भत्ता यातच भाड्याचा मोठा भाग जातो. पावत्या मी डब्यात साठवते. आयकरात त्यांची वजावट मिळते का? आणि कर बसतच नसेल तर रिटर्न भरायचं कशाला?”

आधी पावत्यांचं बघू. दहा किंवा त्याहून कमी मालवाहू गाड्या असणाऱ्यांसाठी आयकर कायद्यात सोपी वाट आहे. 1961 च्या कायद्यात ती कलम 44एई म्हणून ओळखली जाते; 2025 च्या नव्या कायद्यात कलमाचा क्रमांक बदलला, पद्धत तीच राहिली. एकूण वजन 12 टनांपेक्षा जास्त असलेल्या गाडीचं उत्पन्न दर टनामागे महिन्याला 1,000 रुपये धरतात. त्याहून लहान गाडीचं महिन्याला 7,500 रुपये. म्हणजे 28 टनांच्या ट्रकचं वर्षाचं उत्पन्न 3,36,000 रुपये. गाडी दोन महिने गॅरेजमध्ये उभी राहिली तरी ते महिने मोजले जातात.

या रकमेत डिझेल, टोल, टायर, विमा, घसारा सगळं आधीच वजा झालेलं असतं. त्यामुळे पावत्या दाखवून वेगळी वजावट मागता येत नाही. खरी कमाई यापेक्षा कमी असेल आणि तेवढीच दाखवायची असेल, तर रीतसर वह्या ठेवून सीएकडून ऑडिट करून घ्यावं लागतं. तेव्हा पावत्या कामी येतात. कर्जाच्या हप्त्यातलं फक्त व्याज खर्चात धरतात, मुद्दल नाही. ओव्हरलोडचा दंड किंवा वाटेत दिलेली चिरीमिरी खर्चात धरता येत नाही.

आता दुसरा प्रश्न. नव्या करपद्धतीत 2025-26 या आर्थिक वर्षापासून 12 लाखांपर्यंतच्या सर्वसाधारण उत्पन्नावर सवलतीमुळे कर शून्य होतो. एका ट्रकच्या मालकाला बहुधा काही भरावं लागणार नाही. तरीही रिटर्न भराच. दुसरी गाडी घेताना बँक तेच मागते. भाड्यातून टीडीएस कापला गेला असेल तर तो रिटर्न भरल्यावरच परत मिळतो. आणि दहापर्यंत गाड्या असणाऱ्यानं भाडं देणाऱ्याला पॅन व तसं लेखी निवेदन दिलं, तर टीडीएस कापलाच जात नाही.

तिसरं कारण लिहिताना हात अडखळतो. अल्लाह सर्वांना सुखरूप घरी आणो. पण दुसऱ्याच्या चुकीनं अपघात झाला आणि घरचा कर्ता गेला, तर मोटार अपघात दावा न्यायाधिकरण त्याच्या मिळकतीवरून भरपाई ठरवतं. रिटर्न हा त्याचा भक्कम पुरावा. तो नसला की मिळकत अंदाजानं धरतात, आणि तो अंदाज बहुधा कमीच असतो.

इथेच अनेक घरं चुकतात. रिटर्न भरून देणारा कायद्यानं ठरवलेला किमान आकडा टाकून मोकळा होतो. खरी कमाई पाच लाख असली तरी कागदावर 3,36,000 राहतात. कायदा सांगतो, कमाई जास्त असेल तर जास्तच दाखवा. कर शून्यच असताना खरा आकडा लपवून मिळवायचं काय? उलट उद्या विधवेच्या हाती तोच छोटा आकडा येतो.

म्हणून भगिनी, डबा फेकू नका. सोबत एक वही घाला : तारीख, कुठून कुठे, भाडं किती, खर्च किती, उरलं किती. फेरीवरून आल्यावर दोघांनी मिळून दहा मिनिटं बसावं. सूरह अल-बकराच्या 282 व्या आयतीत उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याची ताकीद आहे; लिहिण्याची ही सवय घरात आली की कमाईचाही हिशेब राहतो. रमजानमध्ये जकात काढतानाही हीच वही उपयोगी पडेल. ट्रक हे कमाईचं साधन, त्याच्या किमतीवर जकात नाही. साठलेल्या पैशाचा मात्र हिशेब द्यावा लागतो.

कमाई हलाल आहे, तर तिचा आकडाही खरा असू द्या.