बोल्ट तेरा, पेटी कोणती?

गेल्या महिन्यात वडोदऱ्याहून आमच्या एका जुन्या वाचकांचे पत्र आले. गृहस्थांनी उभे आयुष्य कापडगिरणीत फिटर म्हणून काढले. आता निवृत्त आहेत. चिरंजीव अमेरिकेत डेट्रॉइटच्या परिसरात नोकरीस. त्या मुलाने १९६९ सालची शेव्हरोले कॅमेरो घेण्याचा बेत केला आणि मोठी रक्कम बयाणा म्हणून देऊनही टाकली. विकणाऱ्याचे सांगणे असे की, गाडीत मूळचे ३९६ घनइंची इंजिन आहे आणि त्यामागे कारखान्यातूनच बसविलेली 'टर्बो हायड्रामॅटिक ४००' ही स्वयंचलित गिअरपेटी आहे. उरलेले पैसे देण्यापूर्वी मुलाने गाडीखाली शिरून छायाचित्रे काढली आणि ती वडिलांना धाडली. "दादा, तुमची नजर यंत्रावर बसलेली. तुम्ही पाहून सांगा," एवढीच त्याची विनंती.

दादांनी भिंग घेऊन पेटीखालच्या तेलपात्राचे बोल्ट मोजले. तेरा भरले. ४०० च्या पेटीला तेराच बोल्ट असतात, हे त्यांना ठाऊक झाले होते. तरीही मन निश्चिंत होईना, म्हणून त्यांनी छायाचित्रांच्या प्रती आमच्याकडे पाठविल्या. वाचकहो, त्यांची शंका रास्त होती. या सदरातून आजवर शिलाईयंत्रापासून पाणी खेचण्याच्या पंपापर्यंत पुष्कळ यंत्रांचा परामर्श घेतला. या खेपेस ही गिअरपेटी.

प्रथम तिचे कार्य थोडक्यात सांगतो. हाताने गिअर बदलण्याच्या गाडीत क्लच असतो. येथे त्याच्या जागी टॉर्क कन्व्हर्टर असतो. समोरासमोर ठेवलेल्या दोन पंख्यांपैकी एक फिरविला की वाऱ्याने दुसरा फिरू लागतो, तसे येथे तेलाच्या प्रवाहाने घडते. त्यामागे ग्रहमालेसारखी रचना: मध्ये सूर्यचक्र, भोवती ग्रहचक्रे आणि बाहेरून दातेरी कडे. यांतील कोणते थांबवावे व कोणते मोकळे सोडावे, हे तेलाच्या दाबाने आवळले जाणारे क्लच आणि पट्टे ठरवितात. गाडीचा वेग किती, हे गव्हर्नर कळवितो. इंजिनावर भार किती, हे ४०० आणि ३५० या पेट्यांत इंजिनाच्या निर्वातावरून कळते. सर्वसामान्य बाजारात विकली गेलेली या जातीची पहिली यशस्वी पेटी म्हणजे जनरल मोटर्सची हायड्रामॅटिक. १९४० सालच्या ओल्ड्समोबिलमध्ये ती आली. तिच्यात मात्र टॉर्क कन्व्हर्टर नव्हता, साधे तेलजोड होते.

आता दादांच्या तेरा बोल्टांकडे वळू. ४०० ला तेरा बोल्ट असतात हे खरेच. पण तिच्या धाकट्या बहिणीला, म्हणजे 'टर्बो हायड्रामॅटिक ३५०' लाही तेराच असतात! केवळ मोजणीवर विसंबणाऱ्याची फसगत येथेच होते. पाहायचा असतो तो तेलपात्राचा आकार. आपल्याकडचे मिस्त्री ज्याला 'चेंबर' म्हणतात तेच हे पात्र. ३५० चे पात्र जवळजवळ चौकोनी, फक्त एक कोपरा कातरून टाकल्यासारखा. ४०० चे पात्र वेडेवाकडे, लांबट. अमेरिकेतले लोक त्याला टेक्सास राज्याच्या नकाशाची उपमा देतात. दादांच्या छायाचित्रात चौकोन होता आणि कातरलेला कोपराही स्पष्ट होता.

एवढ्याने समाधान होत नसेल तर आणखी दोन खुणा आहेत. ॲक्सिलरेटर एकदम तळाशी दाबला असता पेटीने खालच्या गिअरात यावे, यासाठी ३५० ला उजव्या अंगाने तारेची केबल आलेली असते. ४०० मध्ये हेच काम विजेने होते. तिच्या डाव्या अंगाला वायरचा प्लग दिसतो. (उजवे-डावे गाडीच्या तोंडाकडे पाहून ठरवावे. गाडीखाली उताणे पडलेल्या माणसाचा हटकून गोंधळ होतो. आमचाही झाला आहे.) दुसरी खूण मागच्या टोकाशी. प्रॉपेलर शाफ्टचे तोंड जेथे पेटीत शिरते, तेथील दांड्यावर ३५० मध्ये २७ खाचा असतात आणि ४०० मध्ये ३२. शिवाय पेटीला आधार देणारा आडवा तुळवा ४०० साठी सुमारे सहा इंच मागे असावा लागतो. म्हणजे पेटी बदलून टाकणाऱ्यास हा तुळवाही हलवावा लागतो, आणि त्याच्या जुन्या-नव्या भोकांतून गाडीचा पूर्वेतिहास वाचता येतो.

आता यात बिघडले काय, असे कोणी विचारील. बिघडले ते असे. १९६९ च्या कॅमेरोत तीन स्वयंचलित पेट्या मिळत: दोनच गतींची जुनी पॉवरग्लाइड, त्याच वर्षी नव्याने आलेली ३५० आणि थोरली ४००. यांपैकी ३९६ च्या दांडग्या इंजिनामागे कारखाना ४०० बसवीत असे. ३५० ची नेमणूक लहान इंजिनांमागे. तेव्हा ३९६ मागे ३५० दिसली, तर एक पेटी तरी नंतर बदललेली, किंवा इंजिनच दुसरीकडून आणून ठेवलेले. पहिली गोष्ट क्षम्य. पन्नास वर्षांत पेटी बदलावी लागणे नवलाचे नाही. दुसरी मात्र गाडीची किंमत मुळापासून हलविते. निव्वळ पेटी पाहून दोहोंतले कोणते खरे हे सांगता येत नाही. त्यासाठी इंजिनावर आणि पेटीच्या कवचावर कोरलेला अंक गाडीच्या क्रमांकाच्या शेवटच्या आकड्यांशी ताडून पाहावा लागतो. "उरलेले पैसे देण्याआधी हे आकडे पाहा," असे आम्ही दादांना उलट टपाली कळविले.

मुलाने पाहिले. इंजिनाचे आकडे जुळले नाहीत. विकणारा प्रथम रागावला, मग म्हणाला की आपणही ती गाडी तशीच घेतली होती. ते खरे असेलही. सरतेशेवटी बयाणा परत न घेता किंमत बरीच उतरवून व्यवहार झाला. मुलाला गाडी आवडली होती, आणि आवडीपुढे हिशेब थोडा नमतोच. दादांचे दुसरे पत्र आले त्यात प्रश्न होता: आता ३५० च ठेवावी, ४०० आणावी, की चार गतींची नवी घालावी?

प्रश्न मोठा मार्मिक आहे. ४०० ही १९६४ च्या कॅडिलॅकपासूनची, अतिशय दणकट. तिच्या भरवशावर रोल्स-रॉइसने सिल्व्हर शॅडो चालविली आणि १९७६ साली फेरारीसारख्या मानी घराण्यानेही आपल्या '४००' गाडीत हीच अमेरिकन पेटी घेतली. पण ती जड आहे आणि तिचे वजनदार भाग फिरविण्यात इंजिनाची काही शक्ती खर्ची पडते. ३५० त्या मानाने हलकी. गिअरांची प्रमाणे पाहावी तर दोघी जवळजवळ सारख्याच: ३५० ची २.५२, १.५२ आणि १. ४०० ची २.४८, १.४८ आणि १.

चौथी गती हवी असेल तर १९८१ ची २००-४आर आणि १९८२ ची ७००आर४ या दोन पेट्या आहेत. दोघींच्या तेलपात्राला सोळा बोल्ट. पुन्हा तीच पंचाईत! ७००आर४ चे पात्र जवळजवळ काटकोनी चौकोन, दुसरीचे तसे नाही. ७००आर४ चे चौथे प्रमाण ०.७०, म्हणजे सरळ गतीत इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असेल तर चौथीत २१०० वर येते. लांबच्या प्रवासात हा फरक कानांना आणि पेट्रोलच्या खर्चाला जाणवतो. पण तिची पहिली गती ३.०६ आणि दुसरी १.६३, यांत मोठी दरी आहे. ५००० फेऱ्यांवर गिअर बदलला तर इंजिन सुमारे २६६५ वर कोसळते. ३५० मध्ये ते ३०१५ च्या आसपास थांबते. शर्यतीच्या ढंगाने जुळविलेले इंजिन खालच्या फेऱ्यांत मलूल असते, म्हणून त्याला ही दरी सोसत नाही. २००-४आर ची प्रमाणे २.७४, १.५७, १ आणि ०.६७, ५००० वरून ती २८६५ वर उतरते. १९८४ ते १९८७ च्या ब्युइक ग्रँड नॅशनलमध्ये हिचीच बळकट आवृत्ती होती. आमचा कौल तिला.

एक धोका मात्र स्पष्ट सांगावयास हवा. या दोन्ही पेट्यांत कार्ब्युरेटरपासून आलेली केबल नुसता गिअर बदलीत नाही, आतील तेलाचा दाबही ठरविते. ती ढिली राहिली तर दाब अपुरा पडून क्लच जळतात, आणि त्याला फार दिवसही लागत नाहीत. ३५० व ४०० मध्ये दाबाचे काम निर्वातावर चालते. तेथे वेगळी अडचण. दांडगा कॅमशाफ्ट घातलेल्या इंजिनाचा निर्वात मुळातच कमी, म्हणून पेटीला सदैव भार जास्त वाटतो आणि गिअर उशिरा व हिसक्याने बदलतो. मालक पेटीला दोष देतो. दोष तिचा नसतो.

इतर घराण्यांचे दोन शब्दांत. फोर्डची सी४ (१९६४) अकरा बोल्टांची व हलकी, सी६ (१९६६) सतरा बोल्टांची व भारी. क्रायस्लरच्या टॉर्कफ्लाइटच्या ९०४ आणि ७२७ या दोन्ही प्रकारांना चौदा बोल्ट, आणि पॉवरग्लाइडलाही चौदाच. तेव्हा मोजणाऱ्याने सावध असावे. टॉर्कफ्लाइटला १९६४ पर्यंत दांडीऐवजी बटणे होती. ती बटणे आम्हांला अजून मोहवितात.

दादांच्या मुलाने तूर्त ३५० च ठेवली आहे. त्याला शेवटचे एवढेच कळविले: तेलाची पातळी गाडी तापल्यावर, इंजिन चालू ठेवून, सपाट जागी व दांडी 'पार्क' वर ठेवून पाहावी. (टॉर्कफ्लाइटवाल्यांनी 'न्यूट्रल' वर.) तेल तांबडे असावे. काळपट झाले असेल आणि जळका वास येत असेल, तर चेंबर उतरवून तळाशी काय साचले आहे त्याचे छायाचित्र दादांना पाठवावे. भिंग त्यांनी अजून कपाटात ठेवलेले नाही.