पाटीवरील अपघात आणि त्यांचा प्रतिबंध

दळणवळणाचीं साधनें वाढलीं म्हणजे देशाची सुधारणा झाली असें आपण मानतों, व तें बव्हंशीं खरेंहि आहे. निजामी राज्यांत रेल्वेखात्यानें १९३२ सालीं अवघ्या २७ मोटारगाड्यांनिशीं रस्त्यावरील प्रवासी वाहतूक सुरू केली, तेव्हां आपल्या मराठवाड्यांतील खेड्यापाड्यांची भिस्त बैलगाडीवरच होती. आज नांदेडहून निघणारा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ५० जळकोट, उदगीर, बिदर अशीं गांवें घेत थेट कर्नाटकांतील चित्रदुर्गापर्यंत जातो. रस्ता रुंद झाला, गुळगुळीत झाला. परंतु त्यास येऊन मिळणाऱ्या गांववाटा बहुतांशीं होत्या तशाच राहिल्या. ह्या दोन काळांची जेथें गांठ पडते त्या जागेस कोठें फाटा म्हणतात, आपल्याकडे पाटी म्हणतात. अपघातांचें मोठें माहेरघर तेंच होय.

प्रस्तुत लेखांत कोणा एका पाटीचें नांव घेण्याचें कारण नाहीं. जळकोटहून उदगिराकडे अथवा नांदेडकडे जातांना ज्या वाचकास जी पाटी आठवेल ती त्यानें डोळ्यांपुढें आणावी. कोपऱ्यावर वेड्या बाभळीचें रान माजलेलें. त्याला लागून चहाची टपरी. टपरीपुढें दोनचार फटफट्या आडव्यातिडव्या उभ्या. आणि नेमक्या त्याच कोपऱ्यावर एस. टी. चा थांबा. गाडी थांबते, दहापंधरा मुलेंमुली दप्तरें सांवरीत उतरतात, आणि उभ्या गाडीच्या पुढून धांवत रस्ता ओलांडतात. मागून येणाऱ्या मोटारीस तीं मुलें दिसत नाहींत, व मुलांस मोटार दिसत नाहीं. हा प्रसंग रोज सकाळसंध्याकाळ घडतो. बहुतेक दिवस कांहीं होत नाहीं म्हणून त्यांत कोणास वावगें वाटत नाहीं, इतकेंच.

२०२२ सालीं भारतांत रस्त्यांवरील अपघातांत १,६८,४९१ माणसें मृत्युमुखीं पडलीं, आणि त्यांपैकीं शेंकडा सुमारें ६८ ग्रामीण भागांत. शहरांतील गर्दी पाहून आपण भितों. परंतु गर्दींत वेगच नसतो. मनुष्य मरतो तो मोकळ्या रस्त्यावर, जेथें वेगानें जाणारा व संथपणें ओलांडणारा एकाच जागीं अवचित भेटतात तेथें.

अपघात झाला म्हणजे आपण पहिला दोष चालकास देतों: दारू प्यालेला असेल, डुलकी लागली असेल, बेफाम हांकीत असेल. हें पुष्कळदां खरें असतें. तथापि निरनिराळे चालक, निरनिराळ्या मोटारी, निरनिराळे ऋतु, आणि अपघात मात्र पुनःपुन्हां त्याच वळणावर, असें जेथें दिसतें तेथें दोष माणसांचा कमी व जागेचा अधिक असें समजावें. एकाच विहिरीचें पाणी पिऊन घरोघर पटकी झाली तर आपण विहीर तपासतों. प्रत्येक रोग्यास पथ्य मोडल्याबद्दल बोल लावीत नाहीं.

चौकाचें भय थोरामोठ्यांसहि चुकत नाहीं. आपल्या शेजारच्या बीड जिल्ह्यांतील परळीचे सुपुत्र व केंद्रीय ग्रामविकासमंत्री श्री. गोपीनाथराव मुंडे यांचा ३ जून २०१४ रोजीं दिल्लींतील एका चौकांत मोटारींच्या टकरीनंतर अंत झाला. राजधानीचा चौक तो. तेथें दिवे होते, आंखीव रस्ते होते. मग जेथें दिवाहि नाहीं व रेघहि नाहीं तेथील कथा काय सांगावी!

ह्या संकटामागें साधें गणित आहे. चार रस्ते एकमेकांस छेदून जातात तेथें वाहनांचे मार्ग एकमेकांस ३२ ठिकाणीं भिडूं शकतात. तीन तोंडांच्या फाट्यावर हीच संख्या ९ असते. एकेरी रांगेच्या वाटोळ्या चौकांत, म्हणजे मध्यें वर्तुळ ठेवून सर्वांनीं एकाच दिशेनें त्याभोंवतीं फिरावयाचें अशा रचनेंत, ती ८ होते. शिवाय तेथें कोणासहि सरळ झेपावतां येत नाहीं. अमेरिकेंत अशा रीतीनें बदललेल्या चोवीस चौकांचा अभ्यास झाला, तेव्हां इजा होणारे अपघात सुमारें तीन चतुर्थांशांनीं घटल्याचें आढळलें. आतां वेगाचें पहा. तासास ८० किलोमीटरच्या वेगानें धांवणारी मोटार एका सेकंदांत २२ मीटर पुढें जाते. चालकाच्या ध्यानांत येऊन, पाय ब्रेकवर पडून गाडी उभी राहीपर्यंत सुमारें १२० मीटर अंतर मोकळें दिसावयास हवें असें रस्ते बांधणारांचे दंडक सांगतात. वेग ४० असेल तर ४५ मीटर पुरतात. आपल्या पाटीच्या कोपऱ्यावर उभें राहून मोजून पहावें. जेथें बाभळीमुळें तीस मीटरांपलीकडचें दिसत नाहीं, तेथें सावध चालकाचाहि इलाज चालत नाहीं.

तेव्हां पहिला उपाय कुऱ्हाडीचा. दोन्ही रस्त्यांच्या मधला त्रिकोणी तुकडा स्वच्छ करावा, टपऱ्या मागें सारवाव्या. ह्यास फारसा खर्च नाहीं; मात्र टपरी कोणाची तरी असते, व तो कोणाचा तरी मेहुणा असतो, म्हणून हेंच काम सर्वांत अवघड ठरतें. टपरीवाल्यास शंभर पावलांवर दुसरी जागा देऊन मग उठवावें हें न्यायाचें आहे. दुसरें, थांबा कोपऱ्यावरून हालवून चौकाच्या पुढें न्यावा, म्हणजे उतरणारीं मुलें गाडीच्या मागून ओलांडतील व मागच्या मोटारीच्या नजरेस पडतील. तिसरें, गांववाट महामार्गास तिरकी मिळत असेल तर ती शेवटच्या टप्प्यांत काटकोनांत वळवून घ्यावी. चौथें म्हणजे एक दिवा. आपल्याकडे गळिताच्या हंगामांत उंसाचे ट्रॅक्टर रात्रीं बेरात्रीं चालतात. मागें तांबडी चकाकणारी पट्टी नाहीं, दिवा नाहीं. आणि उंसाच्या मोळीचा रंग अंधाराहून वेगळा दिसत नाहीं.

गतिरोधकाविषयीं मात्र थोडें विस्तारानें लिहिलें पाहिजे. अपघात झाला कीं गांवकरी रस्ता अडवितात, मागणी एकच करतात, आणि मग एका रात्रींत खडीमुरुमाचा एक उंचवटा उभा राहतो. त्यावर ना पांढरे पट्टे, ना अलीकडे सूचनेचा फलक. चार दिवसांनीं त्याच उंचवट्यावरून फटफटीवर मागें बसलेली एखादी बाई फेंकली जाते. शास्त्रोक्त गतिरोधक ३.७ मीटर रुंद व मध्यभागीं केवळ १० सेंटिमीटर उंच, असा सौम्य असतो. आणि राष्ट्रीय महामार्गावर तर तो घालूंच नये असाच केंद्र सरकारचा सर्वसाधारण दंडक आहे. मग करावें काय? माझ्या मतें गतिरोधकाची खरी जागा गांववाटेवर, महामार्गास मिळण्यापूर्वीं आहे. कारण थांबून पाहण्याचें कर्तव्य बाजूनें येणाऱ्याचें. महामार्गावर खडखडणारे आडवे पट्टे, आधीं दूरवर फलक, व जेथें रहदारी मोठी तेथें वाटोळा चौक हाच मार्ग योग्य.

आतां हें सारें करावयाचें कोणीं? गांववाट जिल्हा परिषदेची, राज्यमार्ग सार्वजनिक बांधकाम खात्याचा, महामार्ग केंद्राचा. आणि पाटी म्हणजे दोन धन्यांच्या सरहद्दीवरचें शेत. तिची निगा दुसऱ्यानें ठेवावी असें प्रत्येकास वाटतें. त्यांत सरकारी व्याख्येची भर. राष्ट्रीय महामार्गावरील पांचशें मीटरांच्या पट्ट्यांत तीन वर्षांमध्यें मृत्यूचे वा गंभीर जखमेचे पांच अपघात झाले, अथवा दहा माणसें दगावलीं, म्हणजे त्या जागेस अपघातप्रवण स्थळ म्हणावयाचें. नोंद ठेवण्यास हा नियम बरा. पण त्याचा अर्थ दहा तिरड्या उठेपर्यंत वाट पहावी असा होतां कामा नये. नाशकास त्या वेळच्या औरंगाबाद रस्त्यावरील एका चौकांत ८ ऑक्टोबर २०२२ च्या पहांटे बस व मालमोटार यांची टक्कर होऊन बस पेटली व बारा प्रवासी प्राणांस मुकले. चौकांतील अतिक्रमणांकडे लक्ष गेलें तें त्यानंतर. शिवाय आपल्याकडे मोडलेला हात, फुटलेलें गुडघें यांचा मामला जागच्या जागीं आपसांत मिटवितात, त्यामुळें तो कोणत्याच कागदावर येत नाहीं. न नोंदलेला अपघात सरकारच्या लेखीं घडलेलाच नसतो. कायद्यानें मात्र लोकांच्या हातीं एक शस्त्र दिलें आहे. मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनें कलम १९८-अ आलें, व रस्त्याच्या सदोष रचनेमुळें कोणी मेला वा जायबंदी झाला तर संबंधित अधिकारी अथवा ठेकेदार यांस एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊं शकतो. हें कलम फारसें कोणास ठाऊक नाहीं.

पालकांनीं राग मानूं नये, पण त्याच दुरुस्तींतील कलम १९९-अ त्यांच्याकरितां आहे. अल्पवयीन मुलानें गाडी चालवून गुन्हा केला तर पालकास अथवा गाडीच्या मालकास तीन वर्षांपर्यंत कैद व पंचवीस हजार रुपये दंड सांगितला आहे. सातवीआठवींतील मुलगा तिघांस बसवून शेतावरून दूध आणतो ह्याचें आपणांस कौतुक वाटतें. पाटीवर समोरून येणाऱ्या मालमोटारीस तें कौतुक ठाऊक नसतें. तसेंच जखमी मनुष्यास हात लावला तर पोलिसांचा ससेमिरा लागेल ही भीति आतां सोडून द्यावी. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या निकालानें व पुढें कायद्यानेंहि मदत करणारास संरक्षण दिलें आहे, आणि १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका महाराष्ट्रांत २०१४ पासून विनामूल्य येते.

विद्यार्थ्यांनीं ह्यांत काय करावें? माझी सूचना अगदीं व्यावहारिक आहे. वरच्या वर्गांतील चारपांच जणांनीं गुरुजींस बरोबर घेऊन, रस्त्यापासून दूर सुरक्षित जागीं बसून, शाळा भरण्याच्या व सुटण्याच्या वेळीं आपल्या पाटीवरून किती मोटारी, किती ट्रॅक्टर, किती पायी माणसें जातात तें मोजावें. वहीच्या एका पानावर नकाशा काढावा; त्यांत बाभळी, टपरी, थांबा, दिवा असल्यास दिवा, व किती मीटरांवरचें दिसतें तें लिहावें. गेल्या तीन वर्षांत झालेले लहानमोठे अपघात म्हाताऱ्याकोताऱ्यांस विचारून तारीखवार टिपावे. पालकांनीं हें टिपण २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट वा २ ऑक्टोबर ह्यांपैकीं जी ग्रामसभा आधीं येईल तींत मांडून ठराव करून घ्यावा. ठरावाची एक प्रत जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील जिल्हा रस्ता सुरक्षा समितीकडे, एक रस्त्याच्या प्रत्येक धन्याकडे धाडावी, आणि पोंच घेतल्याशिवाय कचेरीचा उंबरठा उतरूं नये. पोंचेवर तारीख व शिक्का नीट उमटला आहे कीं नाहीं तें तेथेंच पाहून घ्यावें.